‘क्वीन’ची सात गाणी : क्रमवारीचा एक प्रयत्न

गाण्यांना नंबर लावू नयेत, असे मी इंग्रजीच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो आणि घरी मात्र गुपचूप लावत आलो. माझ्या एका जुन्या वहीत १९८६ सालची यादी आहे. ‘क्वीन’ या इंग्रज रॉक बँडची सात गाणी, त्यांचे क्रमांक आणि प्रत्येकापुढे एका ओळीचे कारण. यंदा निवृत्तीनंतरही संपादक मंडळाने आठवणीने लेख मागितला, तेव्हा ती वही शोधून काढली. यादी वाचताना लक्षात आले, की सातांपैकी निदान दोन ठिकाणी मी चक्क खोटे लिहिले आहे. आवडनिवड वयाप्रमाणे बदलते, त्याला खोटे म्हणत नाहीत. हे निराळे होते. तेव्हाही जे मला ठाऊक होते, ते मी लिहिले नव्हते. म्हणून ही यादी पुन्हा मांडायला घेतली आहे.

क्रमवारीचे वेड आमच्या पिढीला रेडिओने लावले. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे आणि अमीन सायानी एकेक पायदान चढत वर जात. आमच्या गावात एकच रेडिओ होता. त्याच्याभोवती बसलेली माणसे गाण्यापेक्षा नंबरावरूनच अधिक भांडत. तिथला क्रम रेकॉर्डांच्या खपावर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर ठरे, म्हणजे ती मोजणी होती. आपण करायची ती समीक्षा. समीक्षेत ‘हे गाणे वर का?’ या प्रश्नाला ‘जास्त खपले’ हे उत्तर चालत नाही. विद्यार्थी मित्रांनी हा फरक आधी ध्यानात घ्यावा, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘ही कविता अत्यंत लोकप्रिय आहे म्हणून ती श्रेष्ठ आहे’ हे वाक्य मी हजारदा तरी लाल शाईने खोडले असेल.

आता या मंडळींविषयी. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नातला, लाल कोट घातलेला बँड डोळ्यांपुढे येतो. रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा गाणारा-वाजवणारा संच. गिटार, बास गिटार, ड्रम आणि गायक. ‘क्वीन’ १९७० साली लंडनमध्ये सुरू झाला आणि पुढल्या वर्षी चौथा गडी आल्यावर तो पुरा झाला. चौघेही कॉलेजात शिकलेले. गिटार वाजवणारा ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी त्याचा खगोलशास्त्रातला प्रबंध अर्धवट राहिला आणि तो त्याने २००७ साली, साठीला आल्यावर पुरा केला. (पीएच. डी. रखडलेल्या माझ्या प्राध्यापक मित्रांना मी हे उदाहरण नेहमी देत असे. त्यांना ते आवडत नसे.) ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला, बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. गायक फ्रेडी मर्क्युरी चित्रकलेच्या शाखेतला.

या फ्रेडीचे खरे नाव फारूख बलसारा. पारशी कुटुंब, मूळ गुजरातेतल्या बलसाडकडचे. म्हणून ते आडनाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर, कारण वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत. आणि शाळा कुठली, तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची. आठ वर्षांच्या मुलाला आईबापांनी समुद्रापार पाठवले आणि तो सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथे तो पियानो शिकला, तिथेच दोस्तांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली आणि १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवी. पुढे १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. जगभर गाजलेल्या या गळ्याचा पहिला रंगमंच पाचगणीच्या शाळेचे स्नेहसंमेलन हा होता, हे आपल्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

पाचगणीचे नाव मी वेगळ्या कारणाने लहानपणापासून ऐकत होतो, पण ते पुढे येईल.

निकष कोणते लावायचे? मी जुन्या वळणाचा माणूस. मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल. सारखे घटक एकमेकांना साद घालतात तो संवाद, उलटे घटक एकमेकांना उठाव देतात तो विरोध आणि या ओढाताणीतून अखेर जे स्थिरावते तो समतोल. मर्ढेकर कवितेविषयी आणि एकूण ललितकलांविषयी बोलत होते, त्यांच्या मनात गिटार नक्कीच नव्हती. तरी हे माप इथे लागू पडते. दुसरे माप माझे घरचे आहे. गाणे एकट्याने ऐकायचे आहे, की चारचौघांनी मिळून म्हणायचे आहे? भजनी घरातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. या दोन मापांनी खालून वर जाऊ.

सातव्या स्थानी ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. १९८० चे, जॉन डीकनने रचलेले. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात बास गिटारची एक ओळ आहे, ती कानात शिरली की दिवसभर निघत नाही. पण तेवढेच. संवाद आहे, विरोध नाही. चक्की फिरते तसे ते फिरत राहते. १९८६ साली मी त्याला पाचवे ठेवले होते, कारण वसतिगृहात त्यावर नाचता येई. आता गुडघे नाचू देत नाहीत आणि गाणेही खाली आले. दोहोंचा संबंध नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

सहावे ‘थर्टी नाइन’. ब्रायन मेचे, त्यानेच गायिलेले, १९७५ चे. वरवर पाहता साधे लोकगीत, खलाशांनी म्हणावे तसे. पण खलाशी समुद्रावर नाही, अवकाशात निघाले आहेत. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे अतिवेगाने प्रवास करणाऱ्यांचा काळ सावकाश जातो. ते परत येतात तेव्हा त्यांचे वय वर्षभरानेच वाढलेले असते आणि इकडे पिढ्या उलटून गेलेल्या असतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानेच लिहावे असे गाणे. मला त्यातली कल्पना थोर वाटते, चाल तेवढी नाही. म्हणून सहावे. या गाण्याकडे मला शेवटी परत यावे लागणार आहे.

पाचवे ‘रेडिओ गा गा’, १९८४ चे, रॉजर टेलरचे. दूरचित्रवाणी आणि व्हिडिओच्या लाटेत रेडिओ मागे पडला, त्या रेडिओला केलेला हा सलाम. आमच्यासारख्यांना ते आवडणार नाही तर कोणाला? पण त्याचे खरे रूप दिसले ते १३ जुलै १९८५ रोजी. इथिओपियातील दुष्काळासाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर मोठी मैफल झाली, ‘लाइव्ह एड’. ‘क्वीन’ला मिळाली वीसेक मिनिटे. या गाण्याच्या ठेक्यावर सत्तर हजारांहून अधिक लोकांनी हात डोक्यावर नेऊन एकदम टाळ्या दिल्या. मी ते चित्रण फार उशिरा पाहिले आणि मला नारळी सप्ताहातले कीर्तन आठवले. महाराज हात वर करतात आणि मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत बायाबापड्यांचे हात वर जातात, तसेच ते. मधेच फ्रेडी नुसत्या आलापीची एकेक तान फेकतो आणि मैदान ती जशीच्या तशी परत करते. त्या आलापीला शब्द नाहीत, अर्थ नाही, आणि भाषा न येणाऱ्यालाही ते कळते.

चौथ्या स्थानी ‘वुई विल रॉक यू’ आणि इथे थोडे थांबू, कारण रचनेचा एवढा सोपा आणि एवढा विचारपूर्वक धडा दुसरा नाही. १९७७ साली इंग्लंडात स्टॅफर्ड गावी बिंगले हॉलमध्ये कार्यक्रम संपला, तरी श्रोते जाईनात. ते स्वतःच एक गाणे गाऊ लागले. ब्रायन मेच्या मनात आले, की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना करता तरी काय येईल? वाद्य हातात नाही, हलायला जागा नाही. पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून हे गाणे झाले. पाय, पाय, टाळी आणि मग एक रिकामी जागा. ड्रम नाही, बास नाही. दोन मिनिटांच्या गाण्यात गिटारसुद्धा अगदी शेवटी येते. मर्ढेकरांच्या भाषेत सगळा भार संवादलयीवर, पण ती रिकामी जागा म्हणजेच विरोध. ती काढून टाका, गाणे कवायत होते.

ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओत मूठभर माणसे होती आणि हवी होती हजारोंची गर्दी. लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते पुन्हापुन्हा मुद्रित केले. त्यावर मेने भौतिकशास्त्र वापरले. माणसे वेगवेगळ्या अंतरावर उभी असतील तर प्रत्येकाचा आवाज आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचेल, म्हणून त्याने मुद्रणांमध्ये सूक्ष्म विलंब ठेवले आणि त्यांची प्रमाणे मूळ संख्यांवर बेतली, म्हणजे एक विलंब दुसऱ्याच्या पटीत येऊन घुमारा उठू नये. परिणाम असा, की ऐकणाऱ्याला आपण गर्दीच्या मधोमध उभे आहोत असे वाटते. वारीत पावली खेळणाऱ्यांच्या रिंगणात ज्याने पाऊल टाकले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की पावलीत आपण कोणाला आव्हान देत नाही.

याचे जोडगाणे ‘वुई आर द चॅम्पियन्स’ या यादीत नाही. १९८६ च्या यादीत ते दुसरे होते. ते माझे पहिले खोटे. वसतिगृहात सगळ्यांना ते आवडे. मला त्यातला ‘आम्हीच जिंकलो’ हा सूर कधी मानवला नाही, आणि मी एकटा पडू नये म्हणून ते दुसरे लिहिले. पुढे महाविद्यालयात क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभांत इतक्या वेळा ऐकावे लागले, की पाप फिटले असे समजतो. रचना म्हणून ते उत्तम आहे. पण ज्या घरी कोणी कधी काही जिंकले नव्हते, त्या घरून आलेल्या मुलाने ते छाती फुगवून म्हणावे, यात काहीतरी उसने होते.

तिसरे ‘द शो मस्ट गो ऑन’. हे १९८६ च्या यादीत असणे शक्यच नव्हते, ते १९९१ च्या ‘इन्युएंडो’ या संग्रहातले. फ्रेडीला एड्सने गाठले होते आणि त्या काळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. गाणे मुख्यतः मेने रचले, आणि एवढ्या वरच्या पट्टीत हा आजारी माणूस गाऊ शकेल का, अशी त्यालाच शंका होती. फ्रेडी उभा राहिला आणि गायला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला, वय ४५. आजाराची बातमी त्याने जगाला कळवली ती आदल्या दिवशी. खेळ चालूच राहिला पाहिजे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. विठाबाई नारायणगावकर तमाशाचा प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा वेळी कलावंताचे कौतुक करावे, की त्याला थांबू न देणाऱ्या खेळाला दोष द्यावा, ते मला ठरवता आलेले नाही. गाणे ऐकताना दोन्ही वाटते. तिसऱ्याहून वर मी ते नेले नाही, कारण त्याच्या वाट्याचे माझे अर्धे रडू गायकाच्या मरणाचे आहे, गाण्याचे नव्हे. समीक्षेत हा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आता ‘बोहेमियन रॅप्सडी’. जगातल्या बहुतेक याद्यांत ते पहिले, माझ्याही वहीत पहिले होते. आज ते मी दुसरे ठेवतो आहे, तेव्हा त्याची थोरवी आधी पुरती सांगितली पाहिजे.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते बाहेर पडले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी वाजत. हे कोण वाजवील, अशी कंपनीला धास्ती. केनी एव्हरेट या लंडनच्या निवेदकाने एकाच शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवले, आणि मग ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९९१ साली फ्रेडी गेल्यावर पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.

त्याचा घाट पाहा. आरंभी वाद्याविना अनेक आवाजांचे गाणे, मग पियानोवर एका मुलाने आईला दिलेली खुनाची कबुली, मग गिटार, मग एकाएकी इटालियन ऑपेरासारखा कोलाहल, मग धडाडते रॉक आणि शेवटी सगळे विझून गेल्यासारखी शांतता. इंग्रजी गाण्यात ध्रुपद परत परत येते, इथे ध्रुपदच नाही. पाश्चात्त्य समीक्षकांना याचे मोठे नवल वाटले. तमाशा पाहिलेल्या माणसाला कमी वाटावे. गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली, मग वग. एका रात्रीत भक्ती, शृंगार, थट्टा आणि करुण रस एकमेकांना धक्के देत येतात आणि पाहणारा कुठेही अडखळत नाही. ऑपेराचा भाग म्हणजे तर थेट बतावणी आहे, दोन पक्ष मुलाच्या जिवावरून हमरीतुमरीवर आलेले. त्यात ‘बिस्मिल्लाह’ हा शब्द येतो तेव्हा इंग्रज श्रोत्याला तो चमत्कारिक वाटत असेल. निजामाच्या राज्यात ज्यांचे आजोबा उर्दू शिकले, त्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांना त्यासाठी शब्दकोश लागत नाही.

त्या कोलाहलातले आवाज तिघांचेच, फ्रेडी, मे आणि टेलर. एकावर एक थर चढवत ते मुद्रित केले. तीच टेप इतक्या वेळा फिरवली, की तिच्यावरचा लेप झिजून पलीकडचा उजेड दिसू लागला, असे मे सांगतो. विरोधलयीचे याहून ठळक उदाहरण मला वर्गात सापडले नाही. आणि शेवटी समतोल साधतो. एवढे वादळ उठते आणि एका कुजबुजीवर उतरते.

मग दुसरे का? कारण ते ऐकायचे गाणे आहे. त्याच्या मधल्या भागात श्रोत्याला शिरता येत नाही, तो फक्त थक्क होऊ शकतो. खुद्द ‘क्वीन’लाही तो ऑपेराचा भाग मंचावर गाता येत नसे. तेवढ्यापुरती ते टेप लावीत.

पहिले ‘समबडी टू लव्ह’. नोव्हेंबर १९७६. इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, म्हणजे मोजणीतही ते पहिले नव्हते. माझ्या १९८६ च्या यादीत ते सातवे आहे आणि पुढे कारण लिहिले आहे : ‘फार रडके’. हे दुसरे खोटे, आणि मोठे.

माझे आईवडील ऊसतोड करीत. आमचे गाव पाटोदा तालुक्यातले, जमीन नावापुरती. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन बैलगाडी जुंपायची आणि पाडव्याला परत यायचे. मी आजीजवळ राहून शिकलो. वडील बरीच वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर जात. फडातून एक सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि तिथे साहेबांच्या पोरांच्या शाळा आहेत, असे ते सांगत. पाचगणीचे नाव मी असे ऐकले होते. एम. ए. साठी तेव्हाच्या औरंगाबादला गेलो, तेव्हा वसतिगृहाच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ लिहिला आणि मित्रांनाही तेच सांगितले.

१९८५ च्या उन्हाळ्यात खोलीतल्या मित्राचा टेपरेकॉर्डर आणि ‘क्वीन’ची भरून घेतलेली कॅसेट सुट्टीपुरती गावी नेली. रात्री अंगणात सेल घालून लावली. वडील बाजेवर पडले होते, पाठीला आई शेक देत होती. एकेक गाणे चालले होते, त्यांनी लक्ष दिले नाही. ‘समबडी टू लव्ह’ लागले आणि ते उठून बसले. म्हणाले, “ह्ये तं आपल्यावानी म्हनायलेत. एकजन सांगतो, बाकीचे धरत्यात.”

ते एकादशीला टाळ धरणारे माणूस. इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण जे नेमके ऐकायचे ते त्यांनी पहिल्या मिनिटात ऐकले. हे गाणे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गॉस्पेल म्हणजे प्रार्थनागीतांच्या वळणावर बांधलेले आहे. फ्रेडीला अ‍ॅरेथा फ्रँकलिनचे गाणे फार आवडे, आणि ती आपल्या धर्मोपदेशक वडिलांच्या चर्चमध्ये गायला शिकली. त्या गायकीत एक जण आपले गाऱ्हाणे सांगतो आणि समुदाय ते उचलून धरतो, त्याला दुजोरा देतो, प्रसंगी त्याला पुढे ढकलतो. कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांच्या लेकरांनी ती गायकी घडवली. उसाच्याही, हे मी पुढे पुस्तकांत वाचले. तेव्हा ठाऊक नव्हते.

“काय म्हनतोय त्यो?” वडिलांनी विचारले. मी सांगितले, दिवसभर राबतो, अंग मोडून येते, घरी येऊन देवाला विचारतो की माझे असे कोणी आहे का. लोक त्याला वेडा म्हणतात. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उचल किती घेतली म्हनावं त्यानं?”

आई हसली. मीही हसलो. सुट्टी संपवून परत गेलो, वहीत यादी केली आणि ते गाणे सातवे टाकले. ते वर ठेवले असते तर कोणी तरी कारण विचारले असते, आणि कारण सांगायला गेलो असतो तर ‘शेती’ खोडावी लागली असती.

नाते बाजूला ठेवले, तरी ते पहिलेच राहते का, हे मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. ‘शो मस्ट गो ऑन’ला जो हिशेब लावला तो इथेही लावला पाहिजे. तर मांडणी अशी. एकटा आवाज आणि समुदाय हा विरोध गाण्याच्या पहिल्या ओळीपासून आहे. समुदाय इथेही तिघांचाच, त्याच थरांच्या युक्तीने शंभरांचा केलेला, पण ‘रॅप्सडी’त तो आपले कसब दाखवतो आणि इथे ऐकून घेतो. मग मधे एक जागा येते. सगळी वाद्ये थांबतात, एकच वाक्य अगदी खालच्या स्वरात सुरू होते, पुन्हा म्हटले जाते, आणखी आवाज मिसळतात, पट्टी चढत जाते आणि अखेर सगळे उसळते. भजनात अभंग संपता संपता गजर धरतात, चाल हळूहळू वाढवत नेतात, टाळ एकमेकांत मिसळून जातात, तशी ती जागा आहे. फरक असा, की गजराच्या शेवटी विठ्ठल असतो. इथे प्रश्नाला उत्तर मिळत नाही. समुदाय सोबतीला आला आहे, त्याचे दुःख त्याने गळ्यावर घेतले आहे, आणि तरी मागितलेली वस्तू आलेली नाही. समतोल साधला तो स्वरांत. आशयात तो मुद्दाम साधलेला नाही. ‘रॅप्सडी’पेक्षा ही रचना मला अवघड वाटते, आणि तिच्यात कोणालाही शिरता येते. पाटोद्याच्या अंगणात बाजेवर पडलेल्या माणसाला शिरता आले.

२०१८ साली फ्रेडीवर चित्रपट निघाला आणि मुलांच्या मोबाइलवर ही गाणी आली. निवृत्तीच्या आधी तृतीय वर्षाच्या वर्गाला मी हाच स्वाध्याय दिला. ‘क्वीन’ची गाणी ऐका, क्रम लावा, प्रत्येकाला कारण लिहा. बहुतेकांनी ‘रॅप्सडी’ पहिले लिहिले, ‘चॅम्पियन्स’ दुसरे. शिरूर तालुक्यातल्या एका मुलीने वहीत एकच गाणे लिहिले होते, ‘थर्टी नाइन’. तिचेही आईवडील कारखान्याला जात. मी विचारले, चाल साधी आहे, मग हे का?

ती म्हणाली, “सर, ते परत येतात आन् त्यांना वाटतं आपण काल गेलो. आमचे आईबाप गेले तवा भाऊ रांगत होता. पाडव्याला आले ते त्याच मापाचा सदरा घेऊन आले. बटनं लागंनात.”

वर्गात कोणी काही बोलले नाही. निम्म्या बाकांवर तशीच मुले होती. मला मर्ढेकर आठवले, पण तिला सांगण्यासारखे त्यांत काही सापडले नाही. मी विचारले, बाकीची सहा गाणी? ती म्हणाली, खाली जागा सोडली आहे, ऐकून झाली की लिहीन. मी वहीवर सही केली, शेरा लिहिला नाही. माझ्या यादीत ‘थर्टी नाइन’ अजून सहावेच आहे.